टेंपे म्हणजे सोया पनीर नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेल्या पंधरवड्यात शाकाहारी प्रथिनांविषयी जो लेख आला, त्यातील टेंपे या सोयाबीन आंबवून केलेल्या इंडोनेशियन पदार्थावरचा परिच्छेद वाचून हे पत्र लिहीत आहे. लेखात टेंपेला 'सोयाबीनचे पनीर' म्हटले आहे. पाकीट फोडून चौकोनी तुकडे करावेत आणि तयार रश्शात सोडून पाच मिनिटे उकळावेत अशी कृती दिली आहे, आणि जाता जाता ते ब१२ जीवनसत्त्वाचा भरवशाचा शाकाहारी स्रोत असल्याचेही सांगून टाकले आहे. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. पहिली चूक केवळ नावाची म्हणून सोडून देता आली असती. पण तिच्यातूनच दुसरी निघते, आणि दुसरीमुळे हौसेने पाकीट आणून एकदा करून पाहणारी मंडळी पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. लेख आल्यानंतरच्या आठवड्यात आमच्याच इमारतीतील दोघींनी मला 'तुमचं ते टेंपे' कडवट आणि कोरडे लागल्याचे ऐकवले, आणि तिसरीने तर त्यावर बुरशी आली आहे असे समजून ते न शिजवताच टाकून दिले.

हे सारे मला ऐकवले जाते त्याला कारण आहे. यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही १९९४ ते २००३ अशी नऊ वर्षे इंडोनेशियात, पश्चिम जावातील बांडुंग शहरात काढली. बांडुंगच्या आसपास कापडाचे मोठे कारखाने आहेत आणि त्या धंद्याच्या निमित्ताने तिकडे गेलेली भारतीय कुटुंबेही बरीच होती. आमच्या गल्लीत रोज सकाळी भाजीची ढकलगाडी येई. ती आणणाऱ्याला तिकडे 'तुकांग सायूर' म्हणतात. गाडीच्या एका बाजूला पालेभाज्यांच्या जुड्या टांगलेल्या असत आणि दुसऱ्या बाजूला केळीच्या पानांत किंवा टोचलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेल्या टेंपेच्या वड्या रचलेल्या असत. त्यांतली एखादी हातात घेतली की ती कोमट लागे, अंगात कणकण असलेल्या माणसाच्या कपाळाइतकी. ती उन्हाने तापलेली नसे. आत बुरशी वाढत असते तेव्हा ती स्वतःच उष्णता निर्माण करते, हे मला पुढे कळले. पहिले तीन महिने मी आपल्या लेखात सांगितले आहे तेच करत होते, म्हणजे तुकडे करून टोमॅटो-कांद्याच्या रश्शात टाकत होते, आणि घरातले सगळे निमूटपणे ते ताटाच्या कडेला सारत होते. कामाला येणाऱ्या बाई हे रोज पाहत होत्या. एके दिवशी त्यांनी "इबू (म्हणजे बाई), आज मी करते" एवढेच म्हणून माझ्या हातातली सुरी घेतली. पुढे जे सांगणार आहे त्यातले बहुतेक मी त्या स्वयंपाकघरात शिकले.

प्रथम नावाविषयी. ज्याला सोया पनीर म्हणता येईल तो पदार्थ टोफू होय. सोयाबीन वाटून त्याचे दूध काढतात, ते क्षार किंवा आम्ल घालून नासवतात आणि चोथापाणी दाबून वडी पाडतात; कृती थेट पनीरचीच आहे. टेंपेमध्ये दूध काढणे नाही आणि नासवणेही नाही. सोयाबीन भिजवून त्याची साले काढतात, दाणे शिजवून निथळतात, पार कोरडे आणि गार होऊ देतात, मग त्यावर 'रागी' नावाचे विरजण भुरभुरवून ते पानांत किंवा छिद्रे पाडलेल्या पिशवीत बांधून ठेवतात. जावाच्या हवेत, म्हणजे साधारण तीस अंशांच्या आसपास, एक ते दोन दिवसांत ऱ्हायझोपस जातीची बुरशी दाण्यादाण्यांतून पांढरे तंतू पसरवते आणि सुटे दाणे एकमेकांना विणून त्यांची घट्ट वडी करते. जुन्या काळी वेगळे विरजण नसे; जास्वंदीच्या कुळातील 'वारू' झाडाच्या पानांच्या पाठीवर ही बुरशी वाढवून ती पानेच वापरत. प्रिन्सेन खेर्लिख्स या डच शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये या बुरशीची शास्त्रीय ओळख पटवली, पण जावाच्या बायकांचे काम त्याआधी कित्येक पिढ्या त्या ओळखीवाचून चालू होते. म्हणजे टेंपे हे अख्ख्या दाण्याचे, आंबवलेले, चावून खायचे अन्न आहे. त्याची तुलना करायचीच तर ती पनीरशी न करता, मोड आणून शिजवलेल्या आणि मग एकत्र थापलेल्या कडधान्याशी करावी. ती तुलनाही अपुरीच, पण निदान ती तव्यावर दिशाभूल करत नाही. (उच्चाराचेही जाता जाता सांगते: इंडोनेशियन भाषेत पहिला वर्ण आपल्या 'त'च्या जवळचा आहे आणि इंग्रजी पाकिटांवर शेवटी दिसणारे 'एच' उच्चारायचे नसते. मराठीत 'टेंपे' रुळत आहे, तर तेच असू द्यावे. 'टेम्पेह' मात्र नको.)

आता बुरशीचा प्रश्न. आपल्या घरांत बुरा आलेली वस्तू टाकून द्यायची असते, आणि ते योग्यच आहे. इडली, ढोकळा, आंबोळी, अंबील हे आपले आंबवलेले पदार्थ जिवाणूंनी आणि यीस्टने फुगतात. त्यांच्यावर डोळ्यांना दिसेल असे काही उगवत नाही. त्यामुळे पाकिटातून पांढरी, मखमली लव असलेली वडी निघाली की हात आखडतो. त्यातून पावावर येणारी काळी बुरशी ही नात्याने याच ऱ्हायझोपस कुळातली, त्यामुळे संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण टेंपेच्या बाबतीत ती पांढरी बुरशी म्हणजेच टेंपे आहे. ती काढून टाकली तर हातात शिजलेले सुटे सोयाबीन उरेल. ज्यांना अळंबी वर्ज्य आहे त्यांनी मात्र हे कवकच आहे हे लक्षात घेऊन आपला निर्णय करावा. पाकिटावरचा हिरवा ठिपका त्यांना ही गोष्ट सांगणार नाही.

तेव्हा चांगले काय आणि वाईट काय हे कसे ओळखावे? चांगल्या वडीचा कापलेला काप हातात धरला की तो तुटत नाही, दाणे सुटून पडत नाहीत, आणि दाण्यांच्या मधल्या सगळ्या फटी पांढऱ्या तंतूंनी भरलेल्या दिसतात. मध्येच ओलसर, तपकिरी, सुटे दाणे दिसले तर तेथे बुरशी नीट वाढलेली नाही असे समजावे. काळे किंवा राखाडी ठिपके मात्र घाबरण्याचे नव्हेत. बुरशीला वाढायला थोडी हवा लागते, म्हणून पिशवीला बारीक छिद्रे टोचतात. पण छिद्रापाशी हवा जरा जास्त मिळाली की तेथे ती बीजाणू धरते आणि बीजाणूंचा रंग काळसर असतो. माझ्या तिसऱ्या शेजारणीने टाकलेले पाकीट मी कचऱ्याच्या बादलीशेजारून उचलून पाहिले होते. वापरण्याची मुदत संपायला तीन आठवडे बाकी होते आणि काळे ठिपके एका ओळीत, नेमके एकेका छिद्राभोवती बसलेले होते. त्या वडीत काहीही वावगे नव्हते.

टाकून द्यायचे ते गुलाबी, हिरवे, निळे किंवा नारिंगी डाग दिसले तर, आणि वडी हाताला बुळबुळीत लागली तर. नारिंगीविषयी एक खुलासा केला पाहिजे, कारण बांडुंगमध्ये मी स्वतः त्यात फसले होते. त्या भागात 'ओंचोम' नावाचा टेंपेचा एक चुलतभाऊ मिळतो. त्याचा एक प्रकार शेंगदाण्याच्या पेंडीपासून किंवा टोफूच्या चोथ्यापासून वेगळ्या बुरशीने करतात आणि तो झळझळीत नारिंगीच असायला हवा असतो. ओंचोमवर नारिंगी रंग शोभतो; टेंपेवर तो दिसला तर दुसरेच काहीतरी आत शिरले आहे.

रंगापेक्षाही वास अधिक विश्वासाचा. ताज्या टेंपेला ओल्या अळंबीचा, थोडासा उकडलेल्या शेंगांचा वास येतो. वडी जुनी होत चालली की प्रथिने फुटून अमोनिया तयार होतो आणि तो नाकाला झोंबतो. टेंपेसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने २०१३ मध्ये आशियापुरते जे मानक ठरवले, त्यातही टेंपेला अमोनियाचा वास नसावा असे म्हटले आहे. पाकीट उघडताना येणारा अगदी पुसट वास वाफवल्यावर उडून जातो. पण वाफवताना तो वाढून सार्वजनिक स्वच्छतागृहाची आठवण होऊ लागली तर भांडे उतरवावे. जावाच्या मध्य आणि पूर्व भागांत मुद्दाम जास्त मुरवलेले, उग्र वासाचे टेंपे वाटून 'सांबाल तुंपांग' नावाचे रस्सेदार तोंडीलावणे करतात, आणि ते उत्तम लागते. परंतु काय मुरले आहे आणि काय सडले आहे हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाकाने कळते त्यांचे ते काम आहे, आपण पाकिटावर प्रयोग करू नयेत.

आपल्याकडच्या दुकानांत टेंपे दोन प्रकारे मिळते. एक निर्वात पाकिटात, बहुधा पाश्चरीकरण केलेले, आणि दुसरे कच्चे पण गोठवलेले. निर्वात पाकिटात तंतू दाबले जाऊन वडी पिवळट, मेणासारखी दिसते. तो दोष नव्हे. ते पाकीट फुगलेले असले तर मात्र तेथेच ठेवून यावे. पाश्चरीकरण झालेल्या वडीत बुरशी मेलेली असते, म्हणून ती शीतकपाटात बरेच दिवस टिकते. न झालेल्या वडीत ती जिवंत असते आणि शीतकपाटातही हळूहळू वाढत राहते. यांतले कोणते आपण विकत घेत आहोत हे पाकिटावर लिहिलेले असायला हवे, आणि मी पाहिलेल्या निम्म्याअधिक पाकिटांवर ते लिहिलेले नव्हते. गोठवलेल्या पाकिटात आतून बर्फाचे मोठे खडे दिसले तर ते वाटेत कोठेतरी विरघळून पुन्हा गोठले आहे असे समजण्यास हरकत नाही. आमच्या भागातील एका दुकानात रात्री वीज वाचवण्यासाठी गोठणपेटी बंद करण्याची पद्धत आहे, हे मी तेथल्या मुलाच्याच तोंडून ऐकले आणि त्या दिवसापासून तेथून मटारसुद्धा आणणे बंद केले.

घटकांची यादी जितकी आखूड तितकी चांगली: सोयाबीन, पाणी, विरजण, आणि फार तर व्हिनेगर. व्हिनेगर पाहून दचकू नये. दाणे शिजवताना ते थोडे आंबट केले की नको असलेले जिवाणू वाढत नाहीत. काही पाकिटांत सोयाबीनबरोबर तांदूळ, बार्ली किंवा इतर धान्ये असतात. त्याने चव सौम्य होते आणि नव्याने खाणाऱ्याला ते बरेही वाटते, पण प्रथिने तेवढी कमी होतात, आणि ज्यांना ग्लूटेन वर्ज्य आहे त्यांना बार्लीचे टेंपे चालत नाही. मसाला लावून आलेली तयार पाकिटे मी घेत नाही. त्यांत मीठ भरपूर असते, आणि मसाल्याच्या रंगाखाली वडीचा खरा रंग दिसत नाही.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे, की पाकिटातल्या टेंपेला गाडीवरच्या कोमट वडीची सर येत नाही. माझी मुलगी नेदरलँड्समध्ये असते. तेथे इंडोनेशियातून आणि सुरीनाममधून आलेल्या जावानी लोकांमुळे टेंपे जुनेच आहे आणि 'तोको' म्हणतात त्या आशियाई दुकानांत ताजे मिळते; ती मला फोनवर तसे सांगते तेव्हा हेवा वाटतो. पण पाकिटातले टेंपे पुष्कळसे सुधारता येते, आणि ते आपल्या लेखातल्या कृतीने सुधारत नाही.

याचे कारण वडीच्या घडणीत आहे. पनीर सच्छिद्र आणि स्वभावतःच सौम्य असते. त्याला रस्सा लागला की भागते. टेंपेची वडी दाट विणलेली असते, तिला मुळात मीठ नसते, आणि सोयाबीनचा किंचित कडवटपणा तिच्यात राहिलेला असतो. रश्शात पाच मिनिटे उकळून मीठ-मसाला कडेच्या दोन मिलिमीटरपलीकडे जात नाही. म्हणून पहिले काम वाफवण्याचे. गोठवलेली वडी आदल्या रात्री शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावी आणि सकाळी मोदकपात्रात किंवा इडलीपात्रात चाळणीवर ठेवून दहा-बारा मिनिटे वाफवावी. कुकरमध्ये शिट्टी न लावता ठेवली तरी चालते. कडवटपणा बराचसा जातो, वडी मऊ होते आणि गरम असतानाच ती मीठ ओढून घेते. बांडुंगच्या बाईंना वाफवण्याची गरज पडत नसे, कारण त्यांची वडी त्याच पहाटेची असे; पाकिटातल्या वडीसाठी हे मी इथे आल्यावर, दोन-चार पाकिटे फुकट घालवून ठरवले आहे.

दुसरे काम मिठाच्या पाण्याचे, आणि हे मात्र अस्सल जावाचे आहे. धने, लसूण आणि मीठ एकत्र ठेचायचे. आमच्या बाई पसरट दगडी 'चोबेक'वर ते करत. खलबत्त्यात तितकेच चांगले होते. दोनशे ग्रॅमच्या वडीला लसणीच्या तीन मोठ्या पाकळ्या, एक चहाचा चमचा धने आणि एक चमचा मीठ पुरते. ते पेलाभर पाण्यात कालवायचे. वडीचे अर्ध्या सेंटिमीटर जाडीचे काप करून त्यांवर सुरीने उथळ आडव्या-उभ्या चिरा द्यायच्या, आणि ते काप त्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवायचे. पाणी पातळ हवे, चटणीसारखा लेप नको. लेप तेलात जळतो आणि पाणी चिरांतून आत जाते. मग काप उचलून निथळायचे, फडक्याने टिपायचे (हे विसरलात तर तेल अंगावर उडेल, माझ्या मनगटावर त्याची खूण आहे) आणि चांगल्या तापलेल्या तेलात सोनेरी तळायचे. बस. याला तिकडे 'टेंपे गोरेंग' म्हणतात, म्हणजे तळलेले टेंपे, आणि सगळ्या देशात भाताबरोबर रोज हेच खाल्ले जाते. बाहेरून कुरकुरीत, आत शेंगदाण्यासारखे, कडेला धन्याचा वास. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा टेंपे ताटाच्या कडेला न जाता संपले. तळण नको असेल तर जाड तव्यावर जरा सढळ तेल घालून दोन्ही बाजूंनी परतावे. तेलाच्या दोन थेंबांवर भागवायला गेलात तर कोरडेपणाची तक्रार करू नये.

मराठी माणसाला सर्वांत लवकर आवडेल असा प्रकार मध्य जावातील बन्यूमासचा 'मेन्दोआन' आहे. टेंपेचा पापडाहून थोडा जाड, हाताएवढा काप गव्हाच्या आणि तांदळाच्या पिठाच्या पातळ भिजवणात बुडवतात. भिजवणात लसूण, धने, हळद आणि भरपूर चिरलेली कांद्याची पात असते. दिसायला ती पातीची भजीच. फरक एवढाच, की ती कढईत जेमतेम मिनिटभर ठेवून पांढुरकी, लुसलुशीत असतानाच काढायची असते. नावाचा अर्थच अर्धेकच्चे तळलेले असा आहे. आपल्याकडे भजे मऊ निघाले की गृहिणीला टोमणे ऐकावे लागतात, बन्यूमासमध्ये ते कुरकुरीत निघाले तर. सोबत हिरव्या मिरच्या अख्ख्या, एक घास भज्याचा आणि एक चावा मिरचीचा. इथेही पाकिटातले टेंपे आधी वाफवून घ्यावे, कारण एवढ्या थोड्या तळण्यात ते आतून शिजत नाही.

चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्यांनी 'बाचेम' करून पाहावे. नारळपाण्यात ताडगूळ, चिंच, ठेचलेले धने, लसूण, कांदा आणि तमालपत्रासारखे एक पान घालून त्यात टेंपेचे जाड काप मंद आचेवर पाणी आटेपर्यंत शिजवतात आणि खायच्या वेळी थोडक्या तेलात परततात. ताडगुळाऐवजी आपला काळा गूळ चालतो. यात रश्शातच शिजवायचे असते हे खरे, पण ते पाऊण तास, पाच मिनिटे नव्हे, आणि रस्सा सगळा वडीत मुरवायचा असतो. प्रवासात न्यायला काड्यांसारखे चिरून कुरकुरीत तळलेले आणि मग गूळ-मिरचीच्या पाकात घोळवलेले 'केरिंग टेंपे' आहे. ते बरणीत आठवडाभर राहते. रश्शाचीच हौस असेल तर वाफवलेले टेंपे हाताने कुस्करावे, तेलात चांगले लाल परतावे आणि मग गोडा मसाला, कांदा, खोबऱ्याचे वाटण घालून सुके करावे. कुस्करल्याने मसाल्याला शिरायला जागा मिळते. ते खिम्यासारखे दिसते, पण तसे म्हणून कोणाला वाढू नये, निराशा होते.

पाकीट एकदा उघडले की तीन-चार दिवसांत संपवावे. आणि टेंपे कच्चे खाऊ नये, विशेषतः पाश्चरीकरण न झालेले; कच्च्या सॅलडमध्ये त्याचे तुकडे घातलेली छायाचित्रे फिरतात, ती पाहून फसू नये.

आता लेखातील तिसऱ्या विधानाकडे येते, कारण ते स्वयंपाकाच्या पलीकडचे आहे. टेंपेची बुरशी ब१२ तयार करत नाही. आंबवण्याच्या काळात बाहेरून शिरणारे काही जिवाणू ते तयार करतात, म्हणून बाजारातील काही नमुन्यांत ते आढळते आणि काहींत नाही. जितका कारखाना स्वच्छ आणि विरजण शुद्ध, तितकी ते असण्याची शक्यता कमी. आपले बरेच शाकाहारी वाचक या जीवनसत्त्वाच्या कमतरतेसाठी गोळ्या घेत असतील. त्यांनी टेंपेच्या भरवशावर त्या थांबवल्या तर ते नुकसान लेखकाचे नसेल. प्रथिनांविषयी मात्र लेखाने कौतुक केले ते रास्त आहे: नुसत्या सोयाबीनच्या टेंपेत शंभर ग्रॅममागे एकोणीस-वीस ग्रॅम प्रथिने असतात. आंबवल्याने सोयाबीनमधील वायू धरणाऱ्या शर्कराही बऱ्याच कमी होतात, म्हणून ज्यांना सोयाबीनची उसळ सोसत नाही त्यांना टेंपे पुष्कळदा सोसते. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी सोयाबीनचे पदार्थ आणि गोळी यांत किती अंतर ठेवावे हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

लेखाच्या शेवटी 'घरीही करून पाहा, कोणत्याही डाळीचे किंवा खोबऱ्याचे होते' असे एक वाक्य आहे. त्यातील खोबऱ्याचा उल्लेख पुरवणीने तातडीने मागे घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जावामध्ये खोबऱ्याच्या चोथ्याचे 'टेंपे बोंक्रेक' करत. त्यात बुर्कहोल्डेरिया जातीचा एक जिवाणू शिरला तर तो बोंक्रेकिक आम्ल नावाचे विष तयार करतो. त्याला वास नाही, चव नाही, आणि शिजवून किंवा तळून ते नष्ट होत नाही. त्याने गावेच्या गावे विषबाधेत सापडली, माणसे दगावली, आणि अखेर १९८८ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने बोंक्रेकवर बंदी घातली. कोकणात आणि गोव्यात नारळाचे दूध काढल्यावर रोज चोथा उरतो. तो वाया जाऊ नये म्हणून आपल्या लेखावर विसंबून एखाद्याने हा खटाटोप केला तर त्याचा परिणाम कडू भाजीपुरता राहणार नाही. सोयाबीनच्या टेंपेला हा धोका लागू नाही, पण नवशिक्याने तेही चांगले विरजण आणि तापमानाची सोय असल्याखेरीज घरी करू नये, असे माझे मत आहे.

किमतीविषयी थोडे. टेंपे हे जावात गरिबाचे अन्न. स्वतंत्र इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आपल्या लोकांना 'टेंपे राष्ट्र' होऊ नका असे बजावत, म्हणजे मऊ, कणाहीन होऊ नका असे. हा शब्द त्यांनी शिवीसारखा वापरला. त्याच देशाला सोयाबीन मात्र मोठ्या प्रमाणात परदेशातून, मुख्यतः अमेरिकेतून आणावे लागते, आणि भाव भडकले की टेंपे करणारे संपावर जातात. २०१२ च्या जुलैमध्ये तसा मोठा संप झाला होता. १९९८ च्या आर्थिक संकटात आमच्या गल्लीतली वडी तितक्याच पैशांत दर महिन्याला बारीक होत गेलेली मी पाहिली आहे. आपल्याकडे लातूरच्या बाजारात आणि साऱ्या मराठवाडा-विदर्भात सोयाबीनच्या राशी पडतात, ते तेलासाठी गाळले जाते, पेंड कोंबड्यांना जाते, आणि दोनशे ग्रॅम टेंपेचे पाकीट मला पुण्यात दोनशे रुपयांच्या घरात पडते. आंबवण्याची खोली, थंड साखळी, थोडा खप, या कारणांनी भाव वाढतो हे मला समजते. पण एवढे पैसे मोजून आणलेली वस्तू पहिल्याच खेपेस चुकीच्या कृतीने बिघडावी आणि खप वाढूच नये, याला आपल्यासारख्या खपाच्या दैनिकाने हातभार लावू नये.

तरी खोबऱ्याविषयीचे आणि ब१२ विषयीचे विधान दुरुस्त करणारा खुलासा येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावा. जागा असल्यास वाफवण्याची आणि मिठाच्या पाण्याची कृतीही द्यावी. माझ्या नावाची आवश्यकता नाही. आणि आपल्या वाचकांत टेंपे तयार करणारे कोणी असतील तर त्यांनी पाकिटावर पाश्चरीकरण झाले आहे की नाही, काळे ठिपके कशाचे असतात आणि आधी वाफवावे, एवढ्या तीन ओळी मराठीत छापाव्यात. सध्या माझ्या शीतकपाटात जे पाकीट आहे त्यावर इंग्रजीत 'पनीरसारखे वापरा' असे लिहिले आहे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे